पाहुण्यांच्या हातातली दोरी

आमच्या शीतगृहातले ओव्हाळ साहेब कोणालाही "कसे आहात?" असं विचारत नाहीत. ते विचारतात, "शेवटचं कधी पडला होता?"

नवा माणूस गोंधळतो. एकदा बँकेचे नवे व्यवस्थापक ओळख करून घ्यायला आले होते. ओव्हाळ साहेबांनी हात मिळवला आणि हा प्रश्न टाकला. व्यवस्थापक सरळ मनाचे होते. त्यांनी आठवून सांगितलं की गेल्या महिन्यात, बाथरूममध्ये. ओव्हाळ साहेबांनी खुर्ची जवळ ओढली. घरात कोणाला कळलं? किती वेळाने कळलं? आवाज झाला म्हणून कळलं, की कोणी शोधत आलं म्हणून? व्यवस्थापक म्हणाले, बायको माहेरी होती, माझा मीच उठलो. ओव्हाळ साहेबांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "म्याडम, बँक चांगली हाय, पण यांची व्यवस्था बरोबर नाय."

व्यवस्थापक गेल्यावर मी त्यांना जरा सुनावलं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "'कसे आहात'ला जगात एकच उत्तर हाय. ठीक. मेला तो सोडला तर सगळे ठीक म्हणतात. आणि आमच्या धंद्यात मेलेला पण ठीकच म्हणतो."

हा धंदा काय, ते सांगते.

खालापूरहून चौककडे येताना आमचं शीतगृह लागतं. मटार, आइस्क्रीम, मासळी असा चारी दिशांचा माल येतो, पण आमचा खरा मान आहे तो जांभूळ, करवंद आणि आंब्याच्या गराला. कर्जत तालुक्यातल्या महिला बचत गटांचा हंगामभराचा गर आमच्या खोल्यांत गोठून बसलेला असतो. ऑफिस मी सांभाळते. पगार, परवाने, गाड्यांच्या वेळा, आग लागली तर कोणी काय करायचं, सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. संगणक ओव्हाळ साहेब सांभाळतात. वय पन्नाशीचं, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, राहायला कळंब, आणि रोज कर्जतमार्गे मोटरसायकलने येऊन माझ्याही आधी हजर.

आमच्याकडे खरा संगणक एकच आहे. फ्रिजएवढा, ऑफिसातच एसीखाली ठेवलेला. त्याच्या पोटात आणखी तीन संगणक चालतात. ते दिसत नाहीत, त्यांना हात लावता येत नाही, पण प्रत्येकाला वाटतं की आपण स्वतंत्र, पूर्ण संगणक आहोत. एक बिलं करतो, एक फाटकावरच्या गाड्यांची नोंद ठेवतो, एक खोल्यांचं तापमान बघतो. मी पहिल्यांदा त्यांना "खोटे संगणक" म्हटलं तेव्हा ओव्हाळ साहेबांचा चेहरा उतरला. "खोटे म्हणू नका. पाहुणे म्हणा. मोठा तो यजमान, आणि हे त्याच्या घरात उतरलेले पाहुणे."

पाहुणे म्हटल्यावर नावं आली. बिलांची आत्या, फाटकाची मामी, तापमानाची काकू. आत्या मार्चअखेरीस हमखास रुसायची, मामीला येणारा-जाणारा प्रत्येक माणूस माहीत, आणि काकू सतत गारठ्याचं बोलणार, असा त्यांचा हिशेब. यातून एकदा कर्जतमध्ये भर लग्नात प्रसंग ओढवला. आम्ही स्टाफचे सगळे गेलो होतो. वधूवर उभे, आणि ओव्हाळ साहेबांचा फोन वाजला. ते मांडवाच्या कडेला जाऊन, आपल्या मते हळू आवाजात, म्हणाले, "काकू पडली? कधी? मग उठली ना आपली आपण? उठली तर तिला कोणी हात लावू नका. फोटो काढून ठेवलाय का पडलेला?" नवऱ्यामुलाची आई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. दोन पाव्हण्यांनी त्यांना खुर्चीवर बसवलं. "काकू बरी हाय," ते सगळ्यांना सांगत राहिले, "मी येताना तिला चौऱ्याऐंशीवर सोडून आलो." ते काकूचं वय नव्हतं. भरलेल्या डिस्कचं प्रमाण होतं.

पण हे पडण्याचं वेड त्यांच्यात जन्मजात नव्हतं. ते एका शनिवारी लागलं.

त्या शनिवारी सकाळी फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली आणि बिलं निघेनात. मी ओव्हाळ साहेबांना बोलावलं. त्यांनी मोठ्या संगणकाच्या पडद्यावर पाहिलं आणि म्हणाले, "आत्या चालू दाखवतेय." हिरवा दिवा होता. त्यांनी वायरी बघितल्या, प्रिंटर बघितला, माझा संगणक बघितला. आत्या चालू. ड्रायव्हर शिव्या देऊ लागले. आत्या चालू. दुपारची जेवणं झाली तरी आत्या चालूच. शेवटी संध्याकाळकडे त्यांनी आत डोकावून पाहिलं, तर आत्या सकाळीच गेलेली. आतला सगळा कारभार एका फटक्यात बंद पडला होता, शेवटचे चार शब्द तोंडातच राहिले होते. आणि यजमान दिवसभर सगळ्यांना सांगत होता की पाहुण्या आतल्या खोलीत बसल्यात, मजेत आहेत.

ओव्हाळ साहेब त्या दिवशी चहा न घेता गेले. सोमवारी आले ते वेगळेच होऊन.

"म्याडम, चूक यजमानाची नाय," ते म्हणाले. "चूक आपल्या रीतीची हाय. पाहुणा कधी सांगतो का? भूक लागली तरी नको नको. ताप आला तरी काय नाय, जरा प्रवासानं. आणि यजमान पण दारावर टकटक करत नाय, झोपमोड नको म्हणून. आतला मेला काय नि झोपला काय, बाहेरून दार सारखंच दिसतं."

मग त्यांनी दोरी बसवली.

दोरी हा त्यांचा शब्द. खरी ती दोरीही आभासीच आहे, यजमानाने पाहुण्याच्या खोलीत बसवून दिलेलं एक छोटंसं खोटं यंत्र. मी विचारलं होतं की पाहुणा पडला तर तो तुम्हाला ईमेल का पाठवत नाही. ओव्हाळ साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग मला समजेल असं सांगितलं. पाहुणा कोसळतो तेव्हा त्याचा स्वतःच्या कशावरच भरवसा उरलेला नसतो. नेटवर्क धड नसतं, डिस्कवर लिहायला जावं तर चांगलंही खराब व्हायचं. अशा वेळी त्याच्याकडून मोठं काम मागायचं नाही. निबंध मागायचा नाही. एकच काम मागायचं, जे पडता पडता जमेल. दोरीला एक हिसका. त्या हिसक्यात कारण नसतं, तक्रार नसते. फक्त एवढंच असतं की मी गेलो. पुढचं सगळं यजमानाने करायचं. पाहुणा पडला त्या अवस्थेचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे नंतर कारण शोधता येतं, आणि मग त्याला पुन्हा उभा करायचा.

"मरताना बोंब मारता आली पाहिजे," हे त्यांचं ब्रीद झालं. शीतगृहात जिथे जिथे बोंबेची सोय नव्हती तिथे त्यांनी ती केली. पाण्याच्या टाकीला, पाणी संपलं की खडखडणारा डबा लटकला. जनरेटरच्या डिझेलला तरंगणारं बूच आलं. माझ्या कपाटाचं कुलूप उघडं राहिलं तर एक शिट्टी वाजू लागली, ती मी त्याच दिवशी काढायला लावली.

आणि हिरव्या दिव्यांशी त्यांनी वैर धरलं. "हिरवा दिवा म्हणजे एवढंच, की दिवा चांगला हाय," असं म्हणून त्यांनी शीतगृहातला एकूण एक हिरवा दिवा झाकायला घेतला. चिकटपट्टी सुटायची, म्हणून टिकल्या आणल्या. कर्जत स्टेशनजवळच्या दुकानातून ते पाकिटांमागून पाकिटं नेऊ लागले. एकटा माणूस, घरात बाई नाही, आणि दर आठवड्याला मरून रंगाच्या मोठ्या टिकल्या. दुकानदारीणबाईंनी मला रस्त्यात गाठून विचारलं, "तुमच्या ओव्हाळांचं कुठं जमलंय का गं?" मी म्हटलं, जमलंय, तीन जणींशी, आणि पुढे निघाले.

दोरी ओढली की यजमानाला कळतं, पण माणसांना कसं कळणार? म्हणून घंटा आली, आणि घंटेने आम्हाला देशोधडीला लावलं.

पहिली घंटा त्यांनी चौकच्या एका भंगारवाल्याकडून आणली. पितळेची, दणदणीत. शीतगृहात थंडाव्यासाठी अमोनिया वायू असतो. तो गळला तर वाजवायची आमची एक घंटा आधीपासून होती. दोन्ही घंटांचा आवाज हुबेहूब सारखा आहे, ही गोष्ट ओव्हाळ साहेबांच्या लक्षात आली नाही, आणि मला त्यांनी विचारलं नाही. एका दुपारी आत्याने दोरी ओढली. घंटा वाजली. आमच्या पॅकिंगच्या बायका माझ्या सूचनेप्रमाणे पदर ओला करून, नाकाला लावून, वाऱ्याच्या उलट्या दिशेने, रांगेत बाहेर पडल्या. इतका शिस्तीचा सराव आमच्याकडे कधी झाला नव्हता. फक्त आमचे मालक, म्हसे शेठ, ओला टॉवेल तोंडाला बांधून वाऱ्याच्याच दिशेने धावले आणि पलीकडच्या भाताच्या चिखलात पोटरीभर रुतले.

ओव्हाळ साहेब बांधावर उभे राहून आनंदाने ओरडत होते, "शेठ, आत्या पडली आणि उठली पण! तुमी चिखलात पोचायच्या आत उठली!"

शेठनी चिखलातूनच सांगितलं की घंटा काढ.

घंटा निघाली आणि पोंगा आला. रबरी फुग्याचा, पिळला की भॉं करणारा. तो पिळायला ओव्हाळ साहेबांनी एक यांत्रिक हातही बनवला. पोंगा म्हणजे गळती नाही, हे त्यांनी सगळ्यांना समजावलं. पण आमच्या भागात पाववाले सायकलवरून तोच पोंगा वाजवत येतात, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. मामी पडली, पोंगा वाजला, आणि पॅकिंगच्या सगळ्या बायका काम टाकून, हातात सुटे पैसे घेऊन फाटकावर. पाववाला नाही म्हटल्यावर त्यांनी ओव्हाळ साहेबांना घेरलं. "साहेब, वाजवलं कशाला मग? पाव कुठं हायेत?" कोल्ड रूमचं दार उघडं राहिलं ते वेगळंच.

त्या दिवशी शेठ मात्र ओरडले नाहीत, आणि म्हणून मला काळजी वाटली. त्यांनी मला आत बोलावून शांतपणे सांगितलं की पुण्याच्या एका कंपनीकडून सल्लागार येणार आहे. सगळे संगणक त्या कंपनीला चालवायला द्यायचे त्यांच्या मनात होतं. ओव्हाळांना शेवटची संधी. "पडल्यावर वाजलं पाहिजे, उगाच वाजता कामा नये, आणि त्या सल्लागार बाईनं सांगितलं पाहिजे की व्यवस्था ठीक हाय. नायतर त्याची बोंब बंद आणि तो पण घरी. तुमीच सांगा त्याला, भोईर म्याडम. मला जमणार नाय."

मी सांगितलं. ओव्हाळ साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. माझ्या मनात आलं की या वयात, या भागात, या माणसाला दुसरं काम कोण देणार? त्यांच्या मनात वेगळंच होतं. ते म्हणाले, "नव्या कंपनीचा माणूस पुण्यात बसणार. काकू पडली तर तिच्यापाशी इथं कोण असणार?"

तिसरा आवाज शोधायला ते रविवारी माथेरानला गेले. तिथे त्यांचा एक घोडेवाला दोस्त आहे. येताना घोड्याच्या गळ्यातली जुनी घुंगरमाळ घेऊन आले. चौकच्या गॅरेजमधून मोटारीचा वायपर आणला, त्याच्या मोटरला माळ बांधली, आणि सगळं माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर ठोकलं. त्यामागचा विचार मला पटला. खालापूरच्या शीतगृहात घोडा येण्याचं काहीच कारण नाही. घुंगरं वाजली तर अर्थ एकच.

सल्लागार म्हणून आली ती रेगे आडनावाची, तिशीतली, कमी बोलणारी मुलगी. तिने आधी अर्धा दिवस नुसतं बघितलं. टिकल्यांबद्दल काही विचारलं नाही, हे मला आवडलं. मग म्हणाली, आता मी तुमच्या पाहुण्यांना त्रास देते. शेठ, मी, ओव्हाळ साहेब आणि दाराशी दाटलेल्या पॅकिंगच्या बायका, सगळे माळेकडे बघत उभे राहिलो.

रेगेने आपल्या लॅपटॉपवर काही टाइप केलं. मामी बंद झाली. माळ जागची हलली नाही.

शेठ म्हणाले, "नाय वाजलं."

"वाजणार नाय," ओव्हाळ साहेब म्हणाले. "मामी निरोप घेऊन गेली शेठ. सामान आवरलं, येते म्हणाली, चपला घातल्या, गेली. त्याला कोणी बोंब मारतं का?"

शेठनी रेगेकडे पाहिलं. ती म्हणाली, बरोबर आहे, मी तिला रीतसरच बंद केलं होतं, आणि उगाच वाजतं का तेच मला बघायचं होतं. दाराशी खसखस पिकली. मामीला पुन्हा बोलावलं गेलं.

दुसऱ्यांदा तिने आत्याला खरोखर पाडलं. तिचं बोट कीबोर्डवरून उठायच्या आत वायपर उजवीकडे गेला, डावीकडे गेला, आणि आमचं ऑफिस घाट उतरणाऱ्या घोड्यासारखं वाजू लागलं. बायकांनी टाळ्या पिटल्या. यजमानाच्या पडद्यावर एकेक ओळ उमटत गेली: आत्या पडली, फोटो काढला, आत्या उठतेय. आमचा बिलांचा कारकून चहा फुंकत होता. त्याने कप खाली ठेवला तोवर त्याच्या पडद्यावर बिलं परत आली होती. शेठनी मिशीवरून हात फिरवला. त्यांच्या बाबतीत हे जवळजवळ हसणंच आहे.

मग रेगे म्हणाली, आता अवघड. ती काकूला पाडणार नव्हती, गोठवणार होती. पाहुणा असा जखडायचा की त्याला आपण पडलो हेसुद्धा कळू नये. मग दोरी ओढण्याचा प्रश्नच उरत नाही.

तिने कळ दाबली. काहीच झालं नाही.

तापमानाचे आकडे पडद्यावर जिथल्या तिथे थांबले. माळ लोंबत राहिली. दाराशी कुजबुज सुरू झाली आणि थांबली. शेठनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ओव्हाळ साहेब मात्र शांतपणे यजमानापाशी गेले आणि काकूच्या दिव्यावरची टिकली नखाने काढली. खाली हिरवा दिवा लखलखत होता.

"बघा शेठ," ते म्हणाले. "चालू दाखवतोय."

आणि वायपर हलला. घुंगरं अशी वाजली की भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. काकू पडल्याची नोंद झाली, काकू उठली, थांबलेले आकडे चालू लागले. आत जांभळाचा गर होता तसाच गोठलेला होता.

रेगेने पहिल्यांदाच खुर्ची मागे सारली आणि विचारलं, हे कसं केलंत? ओव्हाळ साहेबांची छाती फुगली. ज्याला बोंब मारता येते त्याला दोरी, ते म्हणाले. पण काहींना तीही जमत नाही. त्यांच्यासाठी हजेरी. प्रत्येक पाहुण्याने दर थोड्या वेळाने यजमानाला फक्त "हाय" म्हणायचं. हाय म्हणजे आहे, एवढंच. हजेरी चुकली की यजमान वाट बघतो, आणि तरी आली नाही तर दार ढकलून आत जातो. "दोरी पाहुण्याच्या हातात," ते म्हणाले. "हजेरी यजमानाच्या कानात. दोन्ही पाहिजेत. एकावर घर चालत नाय."

रेगे म्हणाली की व्यवस्था ठीकच नाही, उत्तम आहे. मोठमोठ्या ठिकाणी दोरी असते पण ती कुठे बांधलेलीच नसते, आणि इथलं सगळं बघून तिला आणखी दोन जागी असंच बसवायचं आहे. संगणक बाहेर द्यायची गरज नाही, असं तिने शेठना माझ्यासमोर सांगितलं. शेठनी ओव्हाळ साहेबांच्या पाठीत असा धपका मारला की त्यांची टोपी यजमानावर जाऊन पडली. पॅकिंगच्या बायकांनी त्यांना दारातून उचलून नेलंच असतं, पण मी मध्ये पडले. करवंदाचं सरबत आलं. एक बाई म्हणाली, साहेब, आता पोंगा पण वाजवा, पावाचं बघू. पूर्ण शीतगृह हसत होतं आणि ओव्हाळ साहेब नवऱ्यामुलासारखे मध्यभागी उभे होते.

रेगे लॅपटॉप आवरताना म्हणाली, "एकच राहिलं. रात्री-अपरात्री निरोप जातो तो तुमच्या फोनवर ना?"

"माझ्याच."

"तुम्ही नाही उचलला तर?"

"उचलतो मी."

"तसं नाही. तुम्हीच पडलात, तर? तुम्ही कोणाला हजेरी देता?"

तिने हे सरळ, कामाचं म्हणून विचारलं होतं. शेठ हसत म्हणाले, "त्याला कोण हाय विचारायला? एकटा जीव." आणि मग त्यांनी हसू आवरलं. ओव्हाळ साहेबांनी लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर आई. ती गेल्यापासून कळंबचं घर आणि ते. बहीण लांब दिलेली.

"कामावर नाय आलो तर कळेल की," ते म्हणाले.

"आज शनिवार आहे," रेगे म्हणाली. "म्हणजे सोमवारी."

मीच पुढे होऊन म्हटलं की दुसरा नंबर माझा घाला, आणि तो घातला गेला.

संध्याकाळी सगळे गेल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. बराच वेळ घुंगरमाळेचा एक खिळा तपासत राहिले. मग खिळ्याकडेच बघत म्हणाले, "म्याडम, तुमचा नंबर मशिनसाठी घातलाय. त्याच्यावर रोज सकाळी मी एक मिस कॉल दिला तर चालेल का? उचलायचा नाय. तुमाला त्रास नाय. नुसती हजेरी."

मी नियम ठरवून टाकले. सकाळी सातच्या आत. नाही आला तर अर्धा तास वाट बघून मी फोन करणार. उचलला नाही तर निघणार. त्यांनी मान डोलावली आणि माझ्या आधी बाहेर पडले. एरवी ते कधीच माझ्या आधी निघत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून हजेरी सुरू झाली. दूध तापत असताना फोन एकदा वाजून बंद व्हायचा. महिनाभरात आमचं घर त्यावर चालू लागलं. नवरा म्हणायचा, "ओव्हाळ वाजले, आंघोळीला जातो." सणावाराला नाही, पावसापाण्यात नाही, हजेरी कधी म्हणून चुकली नाही.

एका रविवारी चुकली.

दूध उतू गेलं. मी वाट बघितली. मग फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला. नवरा म्हणाला, माथेरानला गेले असतील दोस्ताकडे, रेंज नसेल. मी म्हटलं, रेंज नसती तर वाजला नसता, गाडी काढ. कर्जतहून कळंबचा तो रस्ता मला एरवी आवडतो. त्या दिवशी मी मागे बसून मनात जुळवाजुळव करत होते: जवळचा डॉक्टर कोण, चारचाकी कोणाची मिळेल, दार आतून बंद असलं तर पहार कोणाकडे असेल, बहिणीचा नंबर कुठे मिळेल. मध्ये दोनदा फोन लावला. वाजत राहिला.

घराचं दार सताड उघडं होतं. ओव्हाळ साहेब इस्त्रीचा शर्ट घालून ओटीवर उभे होते. हातात फोन. तो माझ्याच फोनने वाजत होता.

मी गाडी थांबायच्या आत उतरले. "काय झालं? उचलत का नाही?"

"चाचणी होती, म्याडम," ते म्हणाले. "हजेरी चुकली तर खरंच कोण येतं का, ते बघायला नको का एकदा? न तपासलेली व्यवस्था म्हणजे व्यवस्था नाय."

त्यानंतर मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऑफिसात वीस वर्षांत कोणाला बोलले नसेन इतकं बोलले. नवरा विहिरीचा पंप बघायला निघून गेला. ओव्हाळ साहेब मान खाली घालून ऐकत होते. मध्ये मी दम घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी हळूच वर पाहिलं, आणखी आहे का, अशा चेहऱ्याने. बोलणी खाताना इतका सुखावलेला माणूस मी पाहिलेला नाही.

मग त्यांनी आम्हाला आत बोलावलं. खोली झाडून पुसून लख्ख होती. खाटेवर घडी न मोडलेली नवी चादर. टेबलावर तीन कप, तिन्ही वेगवेगळे, आणि तीन बशा.

"आम्ही दोघं येणार, हे तुम्हाला कसं माहीत?" नवऱ्याने विचारलं.

"माहीत कुठलं," ते म्हणाले. "पण आलात तर हाताशी असावं म्हणून."

"आणि आलो नसतो तर?"

त्यांनी चुलीवरच्या पातेल्याचं झाकण काढलं. पोह्यांची वाफ वर आली. पातेलं काठोकाठ भरलेलं होतं, दहा माणसांना पुरेल एवढं. आल्यागेल्यासाठी किती पोहे भिजवायचे, याचा त्या घरात कोणाला अंदाज राहिला नव्हता.

आम्ही दोघांनी दोन-दोनदा घेतले. तरी पातेलं भरलेलंच दिसत होतं.